पँटला बेल्ट लावायचा की बिनबेल्टची घ्यायची? आधी ती कमरेवर कशी टिकते ते बघा

पँट शिवायला टाकली की टेलर लांबी विचारतो, बॉटम किती ठेवू विचारतो, खिसे सरळ की तिरके विचारतो, पण कमरेला लूप ठेवू की नको हे बहुतेक वेळा विचारतच नाही, सरळ लूप लावून मोकळा होतो. आणि आपणही काही बोलत नाही, कारण पँट म्हटली की बेल्ट आलाच हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. हल्ली साईड ॲडजस्टरवाल्या (कमरेच्या बाजूला छोटी पट्टी ओढून आवळायच्या) आणि गुरखा स्टाईलच्या (पुढे रुंद पट्ट्या एकमेकांवरून जाणाऱ्या) पँटा परत दिसायला लागल्यात, त्यामुळे बिनबेल्टची घ्यावी का हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो, पण त्यावर जे सल्ले मिळतात ते सगळे स्टाईलचे, एकाला क्लासी वाटतं, दुसऱ्याला म्हातारं वाटतं. माझं म्हणणं एवढंच की स्टाईलचं नंतर बघू, आधी पँट तुमच्या अंगावर कशाच्या जोरावर टिकते ते बघा. ते एकदा कळलं की निम्म्याहून जास्त निर्णय तिथेच होतो.

कपाटातली तुम्हाला सगळ्यात चांगली बसणारी पँट काढा, बेल्ट न लावता घाला, शर्ट इन करा आणि रोज खिशात जे असतं ते सगळं भरा, म्हणजे मोबाईल, पाकीट, किल्ल्या, काही सोडायचं नाही. आता घरातच थोडं फिरा, जिना असेल तर चढून उतरून या, खुर्चीत बसून उठा, वरच्या फळीवरची वस्तू काढतो तसे दोन्ही हात वर करा, खाली वाकून बुटाची नाडी बांधल्यासारखं करा. एवढं सगळं करून पँट जिथे होती तिथेच असेल, फार तर अर्धा इंच खाली आली असेल, तर तुम्हाला बेल्टची गरज नाही, हौस म्हणून लावत असाल तर लावा. पँट घसरून ढुंगणावर आली असेल तर मात्र ती का घसरली हे शोधायला लागतं, कारण प्रत्येक कारणाचा इलाज वेगळा आहे आणि "बेल्ट अजून एक भोक घट्ट कर" हा इलाज त्यातल्या एखाद्यालाच लागू पडतो.

सगळ्यात साधं कारण म्हणजे कंबर मोठी आहे. कमरपट्टीत चार बोटं आरामात जात असतील तर पँट तुमच्या मापाची नाहीच. अशा पँटला बेल्ट आवळला की काय होतं ते आरशात पाठ करून बघा, मागे दोन लूपच्या मधे कापड गोळा होऊन चुण्या पडतात, वरची कड बाहेर झुकते, मागचे खिसे वाकडे दिसतात आणि पुढे चेनच्या बाजूला कापडाचा फुगा येतो. बेल्ट कंबर लहान करत नाही, जास्तीचं कापड फक्त दाबून धरतो. ही पँट टेलरकडे न्या, मागची मधली शिवण उसवून कंबर आत घ्यायला सांगा, हे काम फार मोठं नाही. मात्र दोन इंचांच्या वर आत घ्यायची असेल तर मागचे दोन खिसे एकमेकांच्या फार जवळ येतात आणि विचित्र दिसतं, मग ती पँट सोडून दिलेली बरी.

दुसरं कारण जरा खोलातलं आहे आणि ते म्हणजे आसन, म्हणजे दोन पायांच्या मधल्या शिवणीपासून कमरपट्टीपर्यंतची उंची. आसन जास्त असलं की पँट बेंबीच्या जवळपास, खऱ्या कमरेवर बसते, तिथे बहुतेकांचं शरीर आत वळलेलं असतं आणि त्याखाली कमरेचं हाड आणि सीट, म्हणजे ढुंगणाचा भाग, रुंद होत जाते, म्हणजे पट्टीला खाली सरकायचं असेल तर रुंद भागावरून जावं लागणार, त्यामुळे ती आपोआप अडते. आसन कमी असलं की पँट कमरेच्या हाडाच्या खाली बसते, तिथे अडवायला फारसं काही नाही, थोडं खाली गेलं की शरीर मांडीकडे निमुळतंच होत जातं. म्हणून लो वेस्ट पँट बिनबेल्टची शिवून घेणं म्हणजे दिवसभर हाताने पँट वर ओढायची तयारी ठेवणं, आणि हाय वेस्ट पँटला बेल्ट लावणं म्हणजे बऱ्याचदा नुसता पोटावर बकलचा दाब. लोकांना हे उलटं वाटतं, पण बिनबेल्टची पँट हवी असेल तर पहिला निर्णय लूपचा नसतोच, आसन वाढवायचा असतो. टेलरला नुसतं "लूप नको" सांगून आलात आणि आसन जुन्याच मापाचं ठेवलंत तर ती पँट फेल जाणार हे लिहून ठेवा.

तिसरं, तुमची स्वतःची ठेवण. टेप घ्या आणि दोन मापं घ्या, एक बेंबीच्या लेव्हलला कमरेचं आणि एक सीटचा सगळ्यात रुंद भाग. सीट कमरेपेक्षा बऱ्यापैकी जास्त असेल, पाच-सहा इंच किंवा त्याहून जास्त, तर तुम्ही बिनबेल्टच्या पँटसाठीच बनलेले आहात. फरक दोन-तीन इंचांचाच असेल, म्हणजे अंग वरपासून खालपर्यंत सरळ असेल, तर साईड ॲडजस्टर चालतील पण कमरपट्टीच्या आत रबरी पट्टी लावून घ्या म्हणजे शर्टवर पकड राहते. आणि पोट सीटपेक्षा पुढे असेल तर काय? तर इथे बेल्टही हरतो आणि साईड ॲडजस्टरही हरतात, हे कोणी स्पष्ट सांगत नाही. पोट असलेले लोक पँट पोटाखाली बांधतात, पट्टी पुढून खाली झुकते, मागून वर राहते, बेल्ट जेवढा आवळाल तेवढा पोटाच्या उतारावरून खाली सटकतो, आणि बसलं की बकल पोटात रुततं. घट्ट बेल्टमुळे पोटावर दाब येऊन जळजळ वाढते हेही खरंच आहे, ॲसिडिटीवाल्यांना डॉक्टर कमरेला सैल कपडे घाला म्हणतात ते उगाच नाही. अशांसाठी खरा उपाय म्हणजे आसन भरपूर ठेवून पँट पोटावरच घालायची आणि गॅलिस, म्हणजे खांद्यावरून पँट धरणारे पट्टे (सस्पेंडर), लावायचे, पँट खांद्यावरून लटकते त्यामुळे कंबर एक इंच सैल ठेवली तरी चालते, उलट ठेवावीच. गॅलिस म्हणजे शाळेतलं पोर वाटतं असं म्हणणाऱ्यांनी एक दिवस घालून बघावं, वर जाकीट असेल तर ते दिसतही नाहीत.

तसं बघायला गेलं तर बेल्टच नवीन आहे. जुन्या पँटा उंच असायच्या, खांद्यावरून गॅलिस आणि मागे कापड आवळायला छोटी पट्टी आणि बकल. लिवाइसच्या ५०१ जीन्सचंच बघा, त्याला बेल्टचे लूप आले १९२२ साली, तेव्हा गॅलिसची बटणं आणि मागची पट्टी हे दोन्ही होतंच, बटणं गेली १९३७ मधे आणि पट्टी गेली १९४२ मधे, दुसऱ्या महायुद्धात कापड आणि धातू वाचवायला. म्हणजे पंधरा वर्षं एकाच पँटला लूप आणि गॅलिसची बटणं दोन्ही होती, ज्याला जे पाहिजे ते लावा. तिकडे इंग्लंडमधे १९३४ साली डॅक्स या ब्रँडने बेल्टही नको आणि गॅलिसही नको अशी पँट काढली, कमरपट्टीच्या आत रबराचे तुकडे लावलेले, शर्ट धरून ठेवायला. आज टेलर आतून जी रबरी पट्टी लावतात तिचं कामही तेच आहे.

आता बिनबेल्टच्या पँटमधले प्रकार, कारण दुकानात सगळ्यांना एकच नाव देऊन टाकतात.

साईड ॲडजस्टर सगळ्यात कामाचे, त्यामुळे ते नीट समजून घ्या. कमरपट्टीच्या दोन्ही बाजूंना त्याच कापडाची छोटी पट्टी असते, ती धातूच्या चपट्या बकलमधून जाते, पट्टी ओढली की कमरेचं कापड थोडं गोळा होतं आणि बकल दाब देऊन तिथेच धरतं. दोन्ही बाजू मिळून एक ते दीड इंच आत घेता येतं, त्याच्यावर ओढलं की पट्टीखाली चुण्या पडायला लागतात आणि ते झाकायला वर बेल्ट नसतो, सगळं उघड दिसतं. म्हणून पँट अशी शिवायची की ॲडजस्टर पूर्ण सैल सोडलेले असताना ती जेवणानंतरच्या पोटाला बरोबर बसेल आणि सकाळी थोडे ओढले की सकाळच्या पोटाला. रोजच्या रोज कंबर कमी जास्त होतेच, ॲडजस्टर तेवढ्यासाठी आहेत, दोन नंबर मोठी पँट वापरात आणण्यासाठी नाहीत. घेताना एक गोष्ट हाताने तपासा, पट्टी ओढून सोडून द्या आणि दोन-तीन वेळा बसा-उठा. बकलची पकड हलकी असेल तर पट्टी हळूहळू मागे सरकते आणि दुपारपर्यंत पँट सैल. पातळ गुळगुळीत कापडावर हे जास्त होतं. काही रेडीमेड पँटांना तर पट्टी नुसती दिसायला शिवलेली असते, ओढली तरी कापड हलतच नाही, त्यामुळे ट्रायल रूममधे ओढून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

बकलऐवजी बटणवाली पट्टी असते, बाजूला दोन बटणं, सैल पाहिजे तर या बटणावर आणि घट्ट पाहिजे तर त्या. सरकायची भानगड नाही, इस्त्रीला सोपी, पण मधलं माप मिळत नाही. मला स्वतःला ऑफिसच्या पँटला हीच आवडते, कारण धातू नाही आणि खुर्चीच्या हाताला घासून ओरखडे पडत नाहीत.

गुरखा पँट म्हणजे रुंद कमरपट्टी आणि पुढे एकमेकांवरून जाणाऱ्या पट्ट्या बाजूच्या बकलला लावलेल्या, नाव गुरखा पलटणींच्या गणवेशावरून आलंय. दिसायला जबरदस्त, पकडही चांगली कारण पट्टी रुंद असल्याने दाब पसरतो. पण ही पँट शर्ट इन केल्याशिवाय घालण्यात काही अर्थ नाही, वरून शर्ट सोडला की पोटावर पट्ट्यांचा उंचवटा तेवढा दिसतो. आणि घाईच्या वेळी बाथरूममधे दोन बकल, आतलं बटण, चेन असं सगळं उघडावं लागतं त्याचाही विचार करून ठेवा.

बाजूला लपवलेलं इलॅस्टिक असतं तो प्रकार आरामाला एक नंबर, प्रवासात किंवा तासन् तास बसून काम असेल तर जरूर घ्या. पण इलॅस्टिकचं आयुष्य कापडापेक्षा कमी असतं, गरम पाण्याने आणि ड्रायरने ते लवकर ढिलं पडतं, म्हणून आतून उसवून बदलता येईल असं शिवलंय का ते बघा. आणि शेवटचा प्रकार म्हणजे लूप नाही, ॲडजस्टर नाही, काहीच नाही, साधी पट्टी आणि पुढे हूक. दिसायला सगळ्यात स्वच्छ, पण वजन वर्षानुवर्षं तेवढंच राहणाऱ्यांनीच या वाटेला जावं.

बेल्टवाल्यांना मी नावं ठेवतोय असं वाटायला लागलं असेल तर तसं नाही. जीन्स, चिनोज, कार्गो या पँटा कमी आसनाच्या, जाड कापडाच्या आणि खिशात वजन घेऊन फिरायच्या, त्यांना बेल्टच पाहिजे. बरं, जीन्सचं कापड वापरून वापरून सैल पडतं, मग बेल्टशिवाय धरणार कोण. कमरेला अवजारं, टेप, मोबाईलचं पाऊच अडकवायचं काम असेल तरी बेल्ट. वजन दर दोन महिन्यांनी वरखाली होत असेल, डाएट चालू असेल तर तेवढे महिने बेल्टवालीच घ्या, नंतर माप स्थिर झालं की बघू.

फक्त बेल्ट लावायचाच तर मापाचा लावा. पँटच्या कमरेपेक्षा दोन इंच मोठा बेल्ट घ्यायचा, म्हणजे ३४ ची पँट असेल तर ३६ चा. साधारण पाच भोकं असतात आणि त्यातल्या मधल्या भोकात तो लागला पाहिजे, म्हणजे दोन्हीकडे जागा राहते. पहिल्याच भोकात लागत असेल तर लहान आहे, शेवटच्या भोकात लावून टोक मागच्या लूपपर्यंत जात असेल तर मोठा. फॉर्मल पँटला तीन ते साडेतीन सेंटीमीटर रुंदीचा, जीन्सला चार सेंटीमीटरच्या आसपास. अरुंद बेल्ट जीन्सच्या मोठ्या लूपमधे वरखाली लोंबकळतो आणि रुंद बेल्ट फॉर्मल पँटच्या लूपमधून कोंबला की लूपची शिलाई उसवते. बकल ज्या जागी पोटाला लागतं तिथे खाज किंवा लाल चट्टा येत असेल तर ते बऱ्याचदा निकेलमुळे असतं, बकल बदला किंवा शर्टाच्या आत बनियन इन करा.

आता कपड्यांच्या जोडीचं. टक्सिडोच्या, म्हणजे बो टायवर घालायच्या पार्टीच्या सूटच्या, पँटला परंपरेने लूप नसतातच, तिथे वाद नाही. सूटमधे जाकीट आणि पँट एकाच कापडाची असते, मधे काळा चामड्याचा पट्टा आला की ती सलग रेघ तुटते, म्हणून सूट शिवून घेणार असाल तर मी बिनबेल्टच सांगेन, आणि आत वेस्टकोट घालणार असाल तर नक्कीच, कारण वेस्टकोटच्या खाली बकलचा उंचवटा येतो आणि फोटोत पहिल्यांदा तोच दिसतो. उंची कमी असलेल्यांनाही याचा फायदा होतो, आडवी रेघ गेली की पाय लांब दिसतात. उलट उंच आणि किरकोळ माणसाला बेल्टने बरं दिसतं. रोज शर्ट बाहेर सोडूनच घालत असाल तर यातलं काहीच दिसत नाही, जे आरामाचं ते घ्या. एक मात्र, लूप असलेली पँट, शर्ट इन आणि बेल्ट नाही, हे फॉर्मलमधे अर्धवट दिसतं, मोकळे लूप लगेच नजरेत येतात, घाईत विसरला असं वाटतं. आणि बेल्ट आणि गॅलिस एकत्र कधीच नाही. गॅलिस लावायचे तर आतून सहा बटणं लावून घ्या, पुढे दोन जोड्या आणि मागे एक, क्लिपवाले गॅलिस कापडाला चावतात आणि वाकताना सुटतात.

टेलरकडे जाताना काय सांगायचं ते नीट सांगा नाहीतर तो नेहमीचंच शिवून देईल. आसन किती ते तुमच्या सगळ्यात आरामशीर उंच पँटवरून मोजून सांगा. कंबर जेवल्यानंतर मोजा, आणि ज्या लेव्हलला पँट बसणार त्याच लेव्हलला मोजा, बेंबीजवळचं माप आणि हाडाखालचं माप वेगळं असतं. मागच्या मधल्या शिवणीत दीड-दोन इंच मार्जिन सोडायला सांगा, बिनबेल्टच्या पँटचा खरा विमा हाच, वजन वाढलं की उसवून मोठी करता येते. पुढे नुसतं एक हूक न ठेवता हूक आणि आतून एक बटण असं दुहेरी बंद ठेवा म्हणजे सगळा ताण एका जागी येत नाही आणि चेन सरळ राहते. पट्टीत बकरम, म्हणजे आत घालायचं ताठ अस्तर, बऱ्यापैकी कडक लागतं, मऊ असेल तर बसल्यावर पट्टी दुमडते आणि बेल्ट नसल्याने ती दुमड तशीच दिसते. ट्रायलला गेलात की नुसते उभे राहून आरशात बघू नका, स्टूल मागून बसा.

आहे त्या पँटचे लूप काढून ॲडजस्टर लावता येतात का हा प्रश्न हमखास येतो. येतात, पण लूपचं खालचं टोक बऱ्याचदा कमरपट्टीच्या शिवणीत अडकवलेलं असतं, त्यामुळे नुसतं कापून चालत नाही, शिवण थोडी उसवून परत घालावी लागते. नवीन पँट असेल तर पत्ताही लागत नाही. जुनी, गडद रंगाची, भरपूर धुतलेली असेल तर लूपखालचं कापड मूळ रंगाचं राहिलेलं असतं आणि बाकीचं विटलेलं, मग कमरेभोवती गडद पट्टे दिसतात. सुईची भोकं सुती कापडात दिसत राहतात, लोकरीत वाफेच्या इस्त्रीने बरीचशी बुजतात. ॲडजस्टरसाठी जास्तीचं कापड लागतं ते बॉटमच्या आत दुमडलेल्या भागातून निघतं, म्हणून लांबी कमी करायची असेल तर कापलेला तुकडा टेलरकडून मागून घ्या आणि जपून ठेवा. उलटं, म्हणजे बिनबेल्टच्या पँटला लूप लावणं, त्याहून सोपं आहे, त्यामुळे नवीन शिवताना ठरत नसेल तर बिनलूपची शिवा आणि कापडाची एक लांब पट्टी जास्तीची मागून ठेवा.

पँट हँगरला लावताना बेल्ट काढून ठेवा, त्याच्या वजनाने कमरपट्टी ओढली जाते आणि लूप लांबतात. ॲडजस्टरवाल्या पँटा धुवायच्या आधी पट्ट्या पूर्ण सैल सोडा, उलट्या करून धुवा, आणि इस्त्री करताना बकलवरून इस्त्री फिरवू नका, खालच्या कापडावर बकलचा चकचकीत ठसा उठतो आणि गडद पँटवर तो परत जात नाही. लाँड्रीत देत असाल तर हे त्यांना तोंडाने सांगा.